नवऱ्याने पास केलेला कॉम्प्युटर

माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत इनकमिंग इन्स्पेक्शनला आहे. बाहेरून येणारा माल आधी त्याच्या टेबलावर येतो. तो माल मोजतो, ड्रॉइंगशी ताडून पाहतो आणि पटला तर हिरव्या पेंट मार्करने त्यावर एक ठिपका देतो. ठिपका पडला की माल पास, मग तो सरळ लाइनवर. त्याने पास केलेला एकही नग आजवर लाइनवरून परत आलेला नाही. हे मी लग्नाच्या बोलणीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या नोकरीला चार वर्षं झाली होती. आता अठरा झालीत आणि वाक्य तेच आहे. घरी दोडके आणले तरी एकेक उचलून, एक डोळा मिटून, सरळ आहे का ते बघतो. वाकडा निघाला की माझ्याकडे असं पाहतो, जणू तो मीच वाकवलाय.

अशा माणसाच्या घरात मी गेमिंग कॉम्प्युटर जोडायला काढला. पुढचं सगळं मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

शाळेच्या ऑफिसात दाखले आणि हजेरीपट सांभाळणाऱ्या अडतीस वर्षांच्या बाईला गेमिंग कॉम्प्युटर कशाला हवा, हे आधी सांगते. फेब्रुवारीत माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीपायी मेलबर्नला गेली. त्याआधी ती पिंपळे सौदागरमध्येच, आमच्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटांवर राहायची. आमच्यात इतकं येणंजाणं, की माझी कोथिंबीर संपली तर मी बाजारात न जाता तिच्याकडे जायचे. ती गेली तेव्हा विमानतळावर मी रडले नाही, कारण ते काम आईने हातात घेतलं होतं. दोन दिवसांनी फ्रीज उघडला, कोथिंबीर संपलेली दिसली आणि मग मात्र ओट्याला टेकून रडून घेतलं.

दर रविवारी दुपारी आमचा व्हिडिओ कॉल व्हायचा आणि पंधरा मिनिटांत आटपायचा. काय खाल्लं, थंडी किती, आईचा गुडघा कसा आहे, संपलं. मग दोघी एकमेकींकडे बघत बसायचो. तेव्हा मला कळलं की आम्ही दोघी आयुष्यात कधी समोरासमोर बसून बोललोच नव्हतो. आम्ही वाटाणे सोलताना बोलायचो, उशांना अभ्रे घालताना बोलायचो. हाताला काम नसेल तर आमची तोंडंही चालत नाहीत. मे महिन्यात तीच म्हणाली, "ताई, मी इथे गेमिंगचा कॉम्प्युटर घेतलाय. तूपण घे ना. पूर्वीसारखं खेळू."

पूर्वीसारखं म्हणजे सांगवीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायबर कॅफे होता तसं. आम्ही टायपिंग क्लासला जातो अशी आईची समजूत होती आणि आम्ही ती मोडली नाही. दोघींत मिळून एकच मशीन परवडायचं, त्यामुळे एका खुर्चीवर दोघी, अर्धंअर्धं बूड टेकवून. मी डावीकडे, ती उजवीकडे. बंदुका घेऊन पळापळ करायचा खेळ होता. कीबोर्ड माझ्याकडे, म्हणजे चालणं, पळणं, उड्या मारणं माझं. माउस तिच्याकडे, म्हणजे बघणं आणि गोळ्या घालणं तिचं. ही वाटणी कोणी केली ते आठवत नाही. पण शेजारच्या मशीनवरची कॉलेजची पोरं दोन-दोन हात असून आमच्याकडून मार खायची, हे मला लख्ख आठवतं.

बहिणीने दुकानातून तयार कॉम्प्युटर उचलला होता. मीही उचलला असता तर जूनमध्येच खेळ सुरू झाला असता. पण मला हौस. चार व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं की आपण एकेक पार्ट निवडून स्वतः जोडायचा.

ही निवड दिसते तेवढी सोपी नसते. शेजारणीच्या कुकरची रिंग आपल्या कुकरला बसत नाही, तसा इथला प्रत्येक पार्ट दुसऱ्या एखाद्या पार्टवर अडून बसलेला असतो. प्रोसेसर ठरावीक खोबणीतच बसतो, म्हणून मदरबोर्ड त्याच्या मर्जीचा घ्यायचा. रॅम कुठली लागेल ते मदरबोर्ड ठरवणार. ग्राफिक्स कार्ड एवढं लांब असतं की ते कॅबिनेटच्या पेटीत मावेल का ते बघायचं, आणि या सगळ्यांना पुरेल एवढा पॉवर सप्लाय शोधायचा. एक बदललं की खालची सगळी यादी पुन्हा. मी शाळेत जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता ही यादी करत होते. महिनाभराने ती जमली आणि मी ती कौतुकाने नवऱ्याला दाखवली. ही माझी पहिली चूक.

त्याने यादी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "याची ड्रॉइंग कुठायत?"

"अहो, कॉम्प्युटरच्या पार्टची कसली ड्रॉइंग?"

"मग फिट होईल ते कशावरून म्हणायलीस तू?" तो मूळचा लातूरकडचा. इथे येऊन वीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच आहे, आणि शंका घेताना तर ते जास्तच तिकडचं होतं.

मी म्हटलं, लोकांनी लिहिलंय, व्हिडिओत दाखवलंय. त्यावर तो फक्त हसला. सप्लायर "साहेब, माल एकदम चांगला आहे" म्हणाला की तो जे हसत असणार, ते हसू.

त्या दिवसापासून कॉम्प्युटर माझा राहिला नाही. त्याने सगळी मापं नेटवरून उतरवून घेतली आणि पुठ्ठ्याचं ग्राफिक्स कार्ड बनवलं. खऱ्या मापाचं, तिन्ही पंखे स्केचपेनने काढलेलं. मग पुठ्ठ्याचं कॅबिनेट. त्यात पुठ्ठ्याचा मदरबोर्ड. कंपनीत नवीन पार्ट यायचा असला की आधी डमी लावून बघतात म्हणे. आमच्या हॉलमध्ये पंधरा दिवस पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नवरा तो उघडून दाखवायचा. पुठ्ठ्याची गंमत अशी की त्याचं म्हणणं खरंही निघालं. मी निवडलेल्या कॅबिनेटमध्ये पुढचे पंखे लावल्यावर कार्डासाठी जेमतेम चार मिलिमीटर उरत होते. "उन्हाळ्यात कुठं जाईल ही हवा?" असं म्हणून त्याने माझं कॅबिनेट रिजेक्ट केलं. मला राग आला, पण तो बरोबर होता, म्हणून जास्त आला.

इकडे रविवार येत होते. "झालं का ताई?" बहीण विचारायची. मी म्हणायचे, "फिटमेंट चालू आहे." ती हसायची. "दाजींना सांग, कॉम्प्युटर आहे, गाडीचं इंजिन नाही."

खरेदीला उशीर होण्याचं आणखी एक कारण होतं. चाकणच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची आणि माझ्या शाळेला रविवारची. लग्न झाल्यापासून आमची सुट्टी एका दिवशी आलेली मी सणांशिवाय पाहिली नाही. पिंपरी कॅम्पातल्या ज्या दुकानात पार्ट घ्यायचे ठरले होते, ते रविवारी बंद. म्हणजे यादी माझी आणि दुकानात जाणार तो, तेही एकटा, खिशात मापं घ्यायचा व्हर्नियर घालून.

दर गुरुवारी एक-दोन पार्ट यायचे. संध्याकाळी मी शाळेतून आले की डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर तो नग, आणि नग मोजून झालेला. प्रत्येकावर, माझा विश्वास बसेना, हिरवा ठिपका. प्रोसेसरच्या खोक्यावर ठिपका, पॉवर सप्लायच्या बुडाला ठिपका, रॅमच्या दोन्ही पट्ट्यांवर ठिपका.

"अहो, हे काय केलंत?"

"पास केलं."

"नवीन वस्तूवर रंग कशाला लावायचा?"

"ठिपका नसला तर पास झालेला आणि न झालेला ओळखायचा कसा?" त्याला माझा प्रश्नच समजत नव्हता. घरात न पास झालेली एकच वस्तू होती, ती म्हणजे मी, आणि मला कोणी टेबलावर ठेवणार नव्हतं.

शेवटचा आला मदरबोर्ड. मी शाळेतून आले तेव्हा तोही ठिपका मिरवत बसला होता. नवरा म्हणाला की यादीतला बोर्ड दुकानात नव्हता, पण त्याच नावाचा, शेवटचं एक अक्षर वेगळं असलेला होता. "सगळं मोजून घेतलं. लांबी, रुंदी, नऊच्या नऊ भोकं. रॅमची खोबण रॅमच्या लांबीएवढीच. एक केस इकडं-तिकडं नाही."

ते एक अक्षर मी खोक्यावर दोनदा वाचलं. पण माणूस इतक्या खात्रीने बोलला की बाईला आपलीच शंका खोटी वाटते. मी गप्प बसले. ही दुसरी चूक.

रविवारी जोडायला बसलो. त्याने त्यासाठी कंपनीतून बदली सुट्टी घेतली होती. तीन वाजता बहीण ऑनलाइन येणार होती. प्रोसेसर बसला, टिच्चून. मग त्याने रॅम हातात घेतली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली. बसेना. उलटी केली, बसेना. दुसरा कोणी असता तर त्याने जोर लावला असता. पण हा थांबला, कारण नग जबरदस्तीने बसवायचा नसतो हे त्याच्या अंगात मुरलंय. त्याने भिंग आणलं आणि बराच वेळ बोर्डवर वाकून राहिला.

रॅमच्या पट्टीला खालून एक छोटी खाच असते आणि बोर्डावर तिच्या समोर एक खुंटी. जुन्या पद्धतीच्या रॅमला खाच एका जागी, नव्या पद्धतीच्या रॅमला जराशी सरकलेली. लांबी दोघींची एकच. मी यादीत जुन्या पद्धतीची रॅम लिहिली होती. शेवटचं अक्षर वेगळं असलेला हा बोर्ड नव्या पद्धतीच्या रॅमचा होता. त्याने लांबी मोजली, भोकं मोजली, खाच कुठे आहे ते मोजलं नाही.

"बोर्डात प्रोसेसर बसलाय, आता रॅमच परत द्यावी लागेल," मी म्हटलं.

मग माझं लक्ष त्याच्या नजरेकडे गेलं. तो रॅमवरच्या ठिपक्याकडे बघत होता. ठिपका नेमका स्टिकरवर पडला होता आणि स्टिकरवरचा नंबर त्याखाली गडप झाला होता. कंपनीचा मार्कर आहे तो, तेलात बुडवला तरी निघत नाही, हेही मी अठरा वर्षांच्या वाक्याबरोबरच ऐकत आलेय.

तीन वाजता मी बहिणीला सांगितलं, आज नाही जमणार. "बरं," ती म्हणाली.

यानंतर नवऱ्याने जे केलं त्याची मला कल्पना नव्हती. त्याने काहीच केलं नाही. पहिल्या गुरुवारी त्याला अंग मोडून आल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या गुरुवारी म्हणे पिंपरीत ट्रॅफिक फार असणार. त्याला दुकानात जायचं नव्हतं. आपण पास केलेला माल आपल्याच हाताने परत न्यायचा, हे त्याच्याच्याने होत नव्हतं. दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे त्याच्या व्हर्नियरची पूजा असते. यंदा शेजारी कॉम्प्युटर ठेवायचा बेत होता. खरा तर उघडा पडला होता, म्हणून त्याने पुठ्ठ्याचा मांडला. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मी व्हिडिओ कॉलवर बहिणीला पूजा दाखवली. ती बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे." खिदळली नाही, दाजींना चिडवलं नाही. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिने "झालं का ताई?" असं विचारलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्या रविवारी आमचा कॉल सात मिनिटांत संपला.

मला भीती वाटली. खरीखुरी. माणसं लांब जातात ती एकदम जात नाहीत, सातव्या मिनिटाला "चल, ठेवते" म्हणतात आणि जातात. नवरा शिफ्टवरून आला तशी मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, तुमचा एक नग परत गेला तर कंपनी बंद पडणार नाहीये! माझी बहीण तिकडे गप्प व्हायला लागलीय. माझ्याशी. तुम्हाला त्या ठिपक्याचं पडलंय, मला तिचं पडलंय!" कुकरची शिट्टी झाली म्हणून आवाज आणखी चढवावा लागला, त्यामुळे खालच्या मजल्यालाही कळलं.

सकाळी मी उठले तेव्हा तो पहिल्या शिफ्टच्या बसने गेला होता आणि फ्रीजवर एक कागद लावलेला होता. त्यांच्याकडे काही चुकलं की पाच वेळा 'का' विचारून कारण शोधतात. त्याचा तो कागद होता, सुवाच्य अक्षरात. रॅम का बसली नाही? खाच जुळली नाही म्हणून. खाच का तपासली नाही? खाच असते हे माहीत नव्हतं म्हणून. का माहीत नव्हतं? यादी करणाऱ्याला विचारलं नाही म्हणून. का विचारलं नाही? ती शाळेत कामात असेल असं वाटलं म्हणून. आणि पाचव्या 'का'समोर बरीच खाडाखोड करून लिहिलं होतं : मला सगळं कळतं असं वाटलं म्हणून. खाली उपाय : गुरुवारी जाणे. त्याखाली सही आणि तारीख.

तो कागद मी अजून जपून ठेवलाय. चौदा वर्षांच्या संसारात एवढं लेखी पहिल्यांदाच मिळालं.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली आणि त्याच्याबरोबर गेले. दुकानदाराने रॅमचं खोकं उघडलं, ठिपका पाहिला आणि माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "भाऊ, ये तो आपनेच ओके किया है. मग मी परत कसा घेऊ?"

माझा नवरा कानापर्यंत लाल झाला. मान खाली घालून म्हणाला, "चूक माझीय. मी चुकीचा माल पास केला." दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्या वाक्याची किंमत त्यांना कळणं शक्य नव्हतं. मला कळली, आणि मला एकदम त्याची माया आली.

तेवढ्यात त्यातलं एक गिऱ्हाईक पुढे वाकलं. तरुण गडी होता, त्याला त्याच रॅमची जोडी हवी होती. "हे हिरवं काय आहे?"

दुकानदाराने क्षणभरही वेळ घेतला नाही. "ते? तपासलेला पीस आहे तो. हे चाकणचे इन्स्पेक्शनवाले भाऊ, स्वतः मोजून ओके करतात."

"मग मला हाच द्या."

"पण नंबर झाकलाय बरं का," माझा नवरा बोललाच. अशा वेळी गप्प बसणं त्याच्या रक्तात नाही. दुकानदाराने कपाळावर हात मारला आणि त्या गड्याला, वॉरंटीचं मी बघून घेतो, असं सांगून टाकलं. आम्हाला नव्या पद्धतीची रॅम मिळाली. निघताना दुकानदार नवऱ्याला बाजूला घेऊन विचारत होता की भाऊ, गुरुवारी येऊन अजून थोडे ठिपके मारून द्याल का. नवऱ्याने ते अपमान म्हणून घेतलं की मान म्हणून, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

घरी आल्यावर त्याने नवी रॅम टेबलावर ठेवली, भिंग माझ्यासमोर सरकवलं आणि मार्करही. "तू बघ. तू मार." मी खाच पाहिली, खुंटी पाहिली, दोनदा पाहिली. मग ठिपका दिला, खोक्यावर.

रविवारी दुपारी, तो पहिल्या शिफ्टवरून आल्यावर, कॉम्प्युटर चालू झाला. पंखे फिरले, दिवे लागले, नवऱ्याने पुठ्ठ्याची डमी शांतपणे उचलून माळ्यावर टाकली. मी बहिणीला फक्त एवढाच मेसेज केला की ये. ती मिनिटभरात आली. हेडफोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता, इतका जवळ की मी डावीकडे सरकून खुर्चीवर तिला जागा करून दिली. खरंच केली.

खेळ सुरू झाला आणि मला पहिल्याच मिनिटाला घाम फुटला. माझा डावा हात वीस वर्षांनीही सगळं जाणत होता. मी पळत होते, भिंतीवरून उड्या मारत होते. पण उजवा हात, तो माउसवर नुसता पडलेला. मला वळता येईना, नेम धरता येईना. माझी बंदूक आभाळाकडे बघत होती. ही पोरगी मेपासून खेळतेय, आता ताईला हसणार, असं मनात आलं. पण ती कुठे दिसेना.

"कुठे आहेस गं?"

"सुरुवातीच्या भिंतीपाशी."

मी कसंबसं तिकडे पाहिलं. ती भिंतीला चिकटून उभी होती. गोल गोल फिरत होती, दूर कुठेतरी दिसेल त्याच्यावर नेमका बार काढत होती, एकही वाया जात नव्हता. पण जागची हलत नव्हती.

"अगं पुढे ये ना."

"मला चालता येत नाही, ताई."

"मग मेपासून काय करतेयस?"

"इथेच उभी असते," ती म्हणाली. "चालायचं काम तुझं होतं ना."

डावा हात तेवढा चालत होता. मी तिच्याकडे पळत सुटले. सगळं मैदान ओलांडून तिच्यापाशी पोचायला मला मिनिटभर लागलं, आणि तो सगळा वेळ माझी बंदूक आभाळाकडे होती.